डाव्या बाजूचा तबला

“मी हळू बोललंय गो. तेंका ऐकाक गेला नसतला.”

काकी स्वयंपाकघरात शालूआत्याला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत, सालात, तुझ्या गाण्याच्या सेटच्या मागे, भिंत आणि स्पीकर यांच्यामधल्या जागेत जमिनीवर बसले होते. मी तिथे आहे हे त्या दोघींच्या ध्यानात नव्हतं. मी कुठे बसले आहे हे बहुतेक वेळा कुणाच्याच ध्यानात नसतं, भाईकाका. तुझ्या तेवढं असायचं.

आदल्या दिवशी तुझं बारावं झालं होतं. पाहुणे गेले होते, देवळाच्या खुर्च्या देवळात परत गेल्या होत्या. यंदा आपल्या घरात चवथ नाही, गणपती बसणार नाही, वर्षभर गाणंही लागणार नाही. म्हणून बाबा सकाळी म्हणाले, “भाईचो सेट प्लास्टिकान गुंडाळून ठेवया, पावसाची हवा. वायरी तूच काड. इलेक्ट्रॉनिक्स तू शिकलंस मगो.” त्या वायरी काढायलाच मी तिथे शिरले होते.

“कान खाणयेन खाल्ल्यान तेचे, नि डोक्या ह्या वायरींनी,” आत्या म्हणाली. “तू आता मनाक लावन घेव नको.”

“डाव्याच बाजूक उबी होतंय.” काकीचा आवाज आणखी खाली गेला. “सगळे दिस बोंब मारून सांगतंय, नि नेमक्या त्याच दिसा हळू बोललंय.”

तू गेलास त्या दुपारी जेवून तुझ्या खुर्चीत येऊन बसलास. काकीने तुझ्या हातात पंचा दिला, वाकून काहीतरी म्हणाली आणि आत गेली. तू उत्तर दिलं नाहीस. ती सोलकढीची वाटी घेऊन परत आली तेव्हा तू नव्हतास.

ती काय म्हणाली हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही. मीही विचारणार नाही. पण सुतकाच्या दिवसांत बायका समाचाराला यायच्या, काकी मान खाली घालून बसायची, आणि मला वाटायचं की ती रडते आहे. सेटच्या मागे बसून मला आता कळलं की ती रडत नव्हती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळून बघत होती. ऐकलं असेल? नसेल?

तुझ्या कानांबद्दल घरात कुणाला शंका उरली नव्हती. डिचोलीच्या खाणीवर तुझी नोकरी, वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. बाहेर क्रशर आणि ट्रकांची रांग. तिथून जे जे निवृत्त झाले ते सगळे जरा मोठ्यानेच बोलतात, मग तूच कसा वेगळा असशील? त्यात यंदा होळी-शिगम्यानंतर तू म्हणायला लागलास की डावीकडचा आवाज बसलाय. तुझं ते आवडतं जुनं रेकॉर्डिंग होतं ना, नाट्यगीतांच्या बैठकीचं, त्यात गायक मधोमध, पेटी उजवीकडे आणि तबला डावीकडे. ते लावून तू थोडा वेळ डोळे मिटायचास आणि मग म्हणायचास, “तबलजी परत जेवाक गेलो.”

“आता? सकाळी?” मी विचारायचे.

“मग चाय पियाक गेलो असतलो. पण जाग्यार नाय तो.”

काकी म्हणाली, कान दाखवून या. बाबांनी म्हापशातल्या डॉक्टरचा नंबर आणला. तू म्हणालास, “मशीन लावची तर वायरीक लाव. माझ्या कानाक कित्याक?” त्यावर सगळे हसले. तेव्हापासून काकी तुझ्याशी ओरडून बोलू लागली आणि तू दर वेळी दचकून म्हणायचास, “अगो, बोंब कित्याक मारतंस? मी हंयच आसंय.”

मलाही वाटत होतं की तुझा डावा कान गेलाय. बाकीचे बोलून दाखवायचे, मी गप्प राहायचे, एवढाच फरक. आणि माझ्या गप्प राहण्याला तू नेहमी तुझ्या बाजूचं मत समजायचास.

खरं तर आपलं भांडण तेवढं एकच होतं. तुला वाटायचं, वायर बदलली की आवाज बदलतो. मला वाटायचं, नाही. दर शुक्रवारी तू म्हापशाच्या बाजाराला यायचास. परत जाताना आमच्याकडे चहा प्यायला थांबायचास. तुझ्या पिशवीत मिरच्या, सुके बांगडे आणि त्यांच्याखाली कधी कधी वायरीचं एक नवं वेटोळं. उंडो, तो गोल कडक पाव, चहात बुडवता बुडवता तू ते माझ्यासमोर मेजावर ठेवायचास, आणि आई न बोलता खिडकी उघडायची. काकीचं म्हणणं होतं की सालात गाणं लागलं की घराला बांगड्यांचा वास येतो.

मी कॉलेजात जायला लागले तसा माझ्याकडे पुरावा आला. मी तुला समजावलं की चार हात लांबीच्या तांब्याच्या तारेत कानाला कळेल असा फरक पडूच शकत नाही. आकडे दाखवले. तू ते सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “तिळारीच्या धरणाचा पाणी पाटान येता नि नळान पण येता. चव एकच काय?”

“पाणी आणि करंट वेगळं आहे, भाईकाका.”

“असात. पण पाट घाण झालो तर?”

“तार घाण होत नाही. तांबं ते तांबं.”

हे माझं वाक्य तुला फार लागलं. किंवा आवडलं. ते चवथीच्या आधीचे दिवस होते. काकी मागच्या पडवीत समया आणि तांब्याची भांडी काढून बसली होती, आंबट बिंबलं चुरडून मिठाबरोबर घासत होती. काळवंडलेला तांब्या तिच्या हातात बघता बघता गुलाबी व्हायला लागला होता. तू उठलास, तिच्या सुपातली मूठभर बिंबलं उचललीस आणि सालात आलास. वायरीची टोकं सोलून ती बिंबलाने घासत मला म्हणालास, “तांबां तां तांबां. तूच म्हटलंस.”

मला हसू आवरेना. काकी आतून ओरडली, “लावलास तर बरा पाणयान धुवा, नायतर कळंक चडात!” तू माझ्याकडे डोळा बारीक करून बघितलंस. “वायरीक खंय पाणी लावतत?” आणि टोकं पंच्याला पुसून तू पिना बसवल्यास.

गाणं लागलं. तुझा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. “आता बोल, बाय. फरक पडलो की नाय?”

मी म्हणाले, “बघूया.”

दर वर्षी चवथीच्या आधी हेच. काकी समया घासणार, तू वायरी घासणार. नवी आणली असेल तर नवी, नसेल तर जुनीच. आणि दर वर्षी आवाज मोकळा व्हायचा. तुझ्या मते. पुढे सहा-आठ महिन्यांत तो पुन्हा बसत जायचा, तू म्हणायचास की वायर दमली, हिच्यापेक्षा चांगली आणायला हवी. मला वाटायचं, माणसाला स्वतःच्या हाताने केलेलं काम गोड लागतं. एवढंच आहे हे.

एकदा मी तुझी परीक्षा घेतली होती. तू खिडकीकडे तोंड करून बसलास आणि मागे मी वायरी बदलत राहिले, एकदा मागच्या वर्षीची, एकदा नवी. तू दर वेळी बरोबर सांगितलंस. शेवटी मी काहीच न बदलता नुसती खुडबुड केली, तर तू म्हणालास, “काय एक बदलूक नाय तू. फटयतंस माका?”

“नशीब होतं तुझं,” मी म्हणाले.

“नशिबाक कान असतत काय गो? इंजिनेर जालंस नि स्वताचे कान घराक ठेवन इलंस.”

मी मनाशी ठरवून टाकलं की तू माझ्या पावलांवरून, बांगडीच्या आवाजावरून ओळखलंस. पण बांगडी मी घालतच नाही, हे मला आठवलं बसमध्ये, धारगळ मागे पडल्यावर. परत येऊन तुला सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं. पुढच्या भेटीत सांगण्यासारखं ते उरलं नव्हतं, किंवा मी ते उरू दिलं नाही.

तू मला मधे येऊन बसायला सांगायचास. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे तुझी एकच खुर्ची, वेताची, आणि तू ती माझ्यासाठी रिकामी करायचास. “हंय बस. थंय दारात बसान काय कळतला?” मी दारातच बसायचे, उजव्या स्पीकरच्या अंगाला, कुणी पाहुणा आला तर उठून आत जाता यावं म्हणून. तुझ्या खुर्चीत बसायचं म्हणजे सगळ्या सालाने माझ्याकडे बघायचं. काकी स्वयंपाकघरातून ऐकायची. दोन स्पीकर लागतातच कशाला, हे बाबांना कधी कळलं नाही. त्यामुळे तबलजी जागेवर आहे की नाही हे तुझ्याशिवाय कुणी तपासलंच नव्हतं.

शेवटचे काही आठवडे तू खुर्ची उलटी फिरवून बसायला लागलास. सेटकडे पाठ, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. काकी घाबरली. बाबांना फोन करून म्हणाली, “पाठमोरे बसान गाणां ऐकतत. माका काय बरां दिसना.” मी त्या शनिवारी आले तेव्हा तू तसाच बसला होतास. मी दारात बसले. तू मान न वळवता म्हणालास, “बाय, आता उजव्या कानाकडसून गेलो गो तबलजी.” एवढंच. मी म्हणाले, “हं.” तुझ्या आवाजात आनंद होता, काहीतरी सापडल्यासारखा. मला मात्र वाटलं, आता दुसराही कान. आणि मी चहाच्या कपात बघत राहिले.

तू थोडं थांबलास. मी काही विचारीन असं वाटलं असेल तुला. मग तू हलकेच म्हणालास, “चवथ येवंदे. नवी घालूया, मग तू ऐक.” त्यानंतर तू मला भेटला नाहीस.

लहानपणी सुट्टीत मी तुमच्याकडे राहायला यायचे तेव्हा तू रोज सकाळी मला मराठी पेपर वाचायला लावायचास. माझी शाळा इंग्रजी, जोडाक्षरं आली की मी आवाज गिळायचे. तू स्टोअरमधल्या माणसांना सांगायचास तसं सांगायचास, “मोठ्यान. कोणतरी ऐकाक बसलाहा हंय.” हे मी आज मराठीत लिहिते आहे, भाईकाका, ते त्या सकाळींमुळे. मोठ्याने मात्र मी तेव्हाही कधी वाचलं नाही. तूच खुर्ची पुढे ओढून घ्यायचास.

तर मी सेटच्या मागे बसले होते, आणि आत त्या दोघी कुजबुजत होत्या.

उजवी वायर लगेच सुटली. डावी खिडकीखालून जाते, जिथे पावसाचे शिंतोडे आत येतात. तिची पिन हातात घेतली. वरून ती पिन सोन्यासारखी लखलखीत, तू दर आठवड्याला पंच्याने पुसत असणार. ओढताना तिची टोपी थोडी फिरली, म्हणून मी ती पूर्ण फिरवून काढली.

आत सगळं हिरवं होतं.

तार अशी नव्हतीच. हिरव्या-पांढऱ्या भुकटीत दोन-तीन काळे केस उरले होते. बोट लावताच त्यातला एक तुटला. ती भुकटी मी ओळखली. काकीच्या समयांच्या नक्षीत, जिथे बिंबल लागतं आणि पाणी पोचत नाही, तिथे हीच असते. कळंक.

मला हसू आलं. बारावं कालच झालेलं, घरात सगळे हळू बोलतायत, आणि मी तोंडावर ओढणी धरून हसत होते. दर वर्षी तू तार घासून लख्ख करायचास, म्हणून आवाज उघडायचा. खराच उघडायचा. आणि त्याच बिंबलाचा रस आत राहून पुढच्या पावसापर्यंत तार खाऊन टाकायचा, म्हणून आवाज बसायचा. तोही खराच बसायचा. पाट घाण झालो तर, असं तू विचारलं होतंस. नवी वायर चांगली आणि जुनी वाईट, असं काही नव्हतं, एवढं माझं बरोबर निघालं. पण फरक होता. तुझं सगळं ऐकणं बरोबर होतं. बिंबलाचं मी कुणाला सांगणार नाही, काकीला तर नाहीच. ते आपल्या दोघांत राहील, कारण ते बिंबल तुझं असलं तरी ‘तांबं ते तांबं’ हे वाक्य माझं होतं.

तुझा पिवळा मीटर खणात होता. घरात गाणं लावायला मनाई होती, मोजायला नव्हती. त्याची दोन टोकं वायरीच्या दोन टोकांना लावली की वायर धड असेल तर तो वाजतो. मी उजवी वायर घेतली. पीं... सरळ, लांब. केवढ्याने वाजला तो, त्या घरात. आत कुजबुज थांबली.

मग डावी घेतली. काही नाही. पिन दाबली तेव्हा पी, पी, असा तुटक, दम लागल्यासारखा. सोडली की गप्प.

आणि त्या गप्प मीटरकडे बघताना मला तुझी उलटी खुर्ची आठवली.

मी उठले. भाईकाका, मी तुझ्या खुर्चीत बसले, पहिल्यांदा. आधी सेटकडे तोंड करून. डावा स्पीकर माझ्या डाव्या कानाकडे. मग खुर्ची फिरवली, कॅलेंडरकडे तोंड केलं. आता तोच डावा स्पीकर माझ्या उजव्या कानाकडे होता. कान गेला असता तर तू कसाही बसलास तरी तुझी डावीच बाजू मुकी राहिली असती. पण खुर्ची फिरवल्यावर तबला तुझ्या उजव्या कानाला ऐकू येईना, आणि डाव्या कानाला त्या बाजूची पेटी स्वच्छ ऐकू येत असणार. मुका होता तो स्पीकर. तुझे दोन्ही कान धड होते, आणि हे तू एकट्याने, कुठलंही मशीन न लावता, एक खुर्ची फिरवून शोधून काढलं होतंस. मला सांगितलंही होतंस. मी “हं” म्हणाले होते.

तू रागावला नव्हतास. चवथीची वाट बघायचं ठरवलंस, कारण तुला वाटत होतं की मी ऐकेन. एवढा विश्वास माझ्यावर अजून कुणी टाकलेला नाही, आणि त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलंही नाही.

“कितां वाजता गो तां?” आत्या दारात आली. तिच्यामागे काकी, ओल्या हातांनी. पडवीतून बाबाही डोकावले. मी तुझ्या खुर्चीत, सेटकडे पाठ करून बसलेली, मांडीवर मीटर. आत्याने काकीकडे बघितलं. त्या नजरेत सरळ दिसत होतं, आता ही पण.

सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मी “काही नाही” म्हणून उठले असते. तशी अर्धी उठलेही. मग काकीचे हात दिसले. ती ते पुसायचं विसरली होती आणि पाणी जमिनीवर टपटपत होतं. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे तिला माहीत नव्हतं.

आणखी एक मला ठाऊक होतं, दारात बसून बसून. गोड काही कानावर आलं की तू कधी लगेच बोलायचा नाहीस. गाणं संपलं तरी डोळे मिटून तसाच राहायचास. उत्तर मागाहून द्यायचास. त्या शेवटच्या दुपारीही तू काकीला लगेच उत्तर दिलं नव्हतंस.

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्या पाठोपाठ मोपाच्या विमानतळावर विमान उतरत होतं. मी ते जाईपर्यंत थांबले नाही. तू सांगायचास तसं, मोठ्याने, पडवीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“काकी, भाईकाकाचे कान बरे होते. दोनय. वायर कुसलेली, कान न्हय. तू हळू बोललंस तां तेका ऐकाक गेला.”